तोरणा चढायचा नाही, भोवतीनं फिरायचंय. कधी जावं, कुठून जावं?

सिंहगडरोडकर (सोमवार, रात्री ९:१२)

नमस्कार मंडळी.

आमच्या सोसायटीत साठी ओलांडलेल्या बाया-बाप्यांचा एक कंपू आहे. रोज सकाळी कॅनॉलच्या कडेनं चालणारा आणि अधूनमधून मिनीबस करून बाहेर पडणारा. बनेश्वर, नारायणपूर, भुलेश्वर, थेऊर सगळं झालं. परवा कोणीतरी तोरण्याचं नाव काढलं आणि तिथल्या तिथे दोन तट पडले. आमचे हे म्हणाले, "जायचंच, कॉलेजात असताना गेलो होतो." त्यावर शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "तेव्हाचे गुडघे घेऊन या, मग जाऊ."

माझं म्हणणं, चढायचं कशाला? एवढा अवाढव्य डोंगर आहे, त्याच्या अंगाखांद्यावर गावं आहेत, वाड्या आहेत. एक दिवस त्यांच्यातून फिरलं तर? जालावर शोधलं तर सगळीकडे बिनी दरवाजा किती वाजता गाठला आणि ड्रोनचे व्हिडिओ. गावांबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. पायथ्याचं वेल्हे म्हणजे गाडी लावायची जागा, संपलं.

तर जाणकारांनी सांगावं: कुठला महिना चांगला, मिनीबस कुठवर जाते आणि जेवणाचं काय. रिसॉर्ट सुचवू नका ही नम्र विनंती. स्विमिंग पूल सोसायटीतच आहे, त्यातही कोणी उतरत नाही.

भटकेश्वर (सोमवार, रात्री १०:०५)

धागा आवडला. गडाविषयी आधी लिहितो म्हणजे तो विषय मिटेल.

तोरणा १४०३ मीटर. पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला. वेल्ह्यातून चढायला अडीच-तीन तास, वरच्या टप्प्यात कातळ आणि रेलिंग. गुडघेवाल्यांनी नाद करू नये. महाराजांनी १६४६-४७ च्या सुमारास घेतला, वर धन सापडलं आणि ते शेजारच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर खर्ची पडलं, तोच राजगड. १७०४ मध्ये औरंगजेबानं तोरणा घेतला आणि त्याचं नाव फुतूह-उल्-गैब ठेवलं. ते नाव काही कोणाच्या तोंडी बसलं नाही.

बघायला खालूनही मजा आहे. वेल्ह्यातून गडाचा नुसता पसारा दिसतो, नजरेत मावत नाही. पुढे केळदच्या रस्त्याला लागलात की झुंजार माची, बुधला माची अशा वेगवेगळ्या ओळखू यायला लागतात. माझ्या मते मढे घाटापर्यंत जाऊन या. तानाजीचा देह याच घाटानं उमरठ्याला नेला असं सांगतात. कड्यावर उभं राहिलं की खाली थेट कोकण.

अवांतर: जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले. त्यात राजगड आहे, तोरणा नाही. ज्याच्या पैशानं राजगड उभा राहिला तोच बाहेर!

गिरीप्रेमीनव्हे (सोमवार, रात्री १०:३१)

बाहेर आहे तेच बरं. नाहीतर वेल्ह्यातही पे अँड पार्क आणि सेल्फी पॉइंट.

पाबेपलीकडचा (सोमवार, रात्री ११:४८)

ताई, मी मूळचा त्याच भागातला, नोकरीपायी धायरीत राहतो. शनिवारी रात्री गावी, सोमवारी पहाटे परत, असं चालू असतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जायचे रस्ते दोन. एक नसरापूरवरून: चेलाडी फाट्याला हायवे सोडायचा, मग मार्गासनी, विंझर करत वेल्हे. स्वारगेटवरून साठ-पासष्ट किलोमीटर पडतं. दुसरा तुमच्या दारातूनच, खडकवासला, खानापूर आणि पाबे घाट. घाट चढाचा आणि अरुंद आहे, मोठी बस घालू नका, मिनीबसचा ड्रायव्हरसुद्धा घाटाच्या सरावाचा पाहिजे. जाताना पाबे, येताना नसरापूर असं करा म्हणजे तोच रस्ता दोनदा बघावा लागत नाही.

पाबे घाटाच्या माथ्यावर पाच मिनिटं थांबा. चहासाठी नाही म्हणत मी. त्या धारेच्या अलीकडं पडलेलं पाणी मुठेत येतं, म्हणजे तुमच्या खडकवासल्यात. पलीकडं पडलेलं कानंदी-गुंजवणीतून नीरेला जातं. नीरा खाली नरसिंहपूरला भीमेला मिळते आणि मुळा-मुठासुद्धा भीमेतच जाते, पण ती भेट फार लांब. एका ढगाचं पाणी असं एका बांधावरून वाटलं जातं. तोरण्याचा पाऊस पुणेकर पीत नाहीत, तो भोर-पुरंदरकडं जातो. पण पानशेत आणि वरसगाव ही धरणं आमच्याच तालुक्यात आहेत, ते मात्र तुम्ही पिता.

आता महिना. जुलैत येऊ नका. सगळे तेव्हाच येतात, पण नका. लावणी चालू असते, माणूस रिकामं नसतं, रस्त्यावर गाड्यांची रांग लागली की चिखलणीचा ट्रॅक्टर मागं अडकतो. गेल्या पावसाळ्यात एक पोरगं बुटांसकट खाचरात उतरलं, फोटोसाठी. नुकती लावलेली रोपं, मुळं धरायच्या आत तुडवली. म्हातारी काही बोलली नाही, सगळ्या ओळी परत खोचत बसली.

तुम्ही या दिवाळीनंतर. कापणी होऊन झोडणी चालू असते. बरेच जण आता मळणीयंत्र लावतात, पण लहान खाचरंवाले अजून फळीवर पेंडी आपटून झोडतात. आवाज लांबून ऐकू येतो. हवा कोरडी, आकाश मोकळं, डोंगर पूर्ण दिसतो आणि लोकांना बोलायला सवड असते.

आणि ज्यांना खरंच बघायचं आहे त्यांनी मेच्या आधी राब भाजताना यावं. रोपं टाकायची जागा असते तिच्यावर शेण, मग पालापाचोळा, गवत, वर मातीचा हात, असे थर देतात. पेटवायचं वाऱ्याच्या विरुद्ध बाजूनं, म्हणजे आग धावत नाही, सावकाश खोल जळते. तणाचं बी मरतं आणि राख तिथंच राहते. पुण्यातून येणाऱ्यांना वाटतं शेतकऱ्यानं डोंगराला आग लावली. एकदा तर एकानं पोलिसांना फोन लावला होता.

माहेरवेल्हे (मंगळवार, सकाळी ७:२०)

दादा, छान लिहिलंस, पण तू बांधावरून लिहिलंयस. लावणी बायका करतात. दिवसभर कमरेत वाकून, डोक्यावर इरलं नाहीतर प्लास्टिकचा कागद, पायाची बोटं चिखलानं कुजतात. ती मजा म्हणून बघायला येणारे मला लहानपणापासून समजलेले नाहीत.

आणि पाण्याचं अर्धंच लिहिलंस. पानशेत म्हटलं की पुणेकरांना धरण फुटलं तो १२ जुलै १९६१ आठवतो. धरणाच्या पोटात गेलेली गावं कोणाला आठवत नाहीत. आमच्या वाडीवर आता नळ आलाय, पण एप्रिल लागला की तोटीला फडकं बांधून ठेवायचं आणि हंडा घेऊन झऱ्यावर जायचं. पावसाळ्यात घरात ओल, चुलीच्या वर लाकडं वाळत ठेवायची, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची. माझी आई अजून म्हणते, "पाणी उशाला आणि घसा कोरडा."

सिंहगडरोडकर ताई, तुम्ही जरूर या. पण वाडीवर गेलात तर पाणी आपलं न्या. कोणी तांब्या पुढं केला तर नाही म्हणू नका, घोटभर घ्या, पण बाटल्या भरून मागू नका.

सिंहगडरोडकर (मंगळवार, सकाळी ९:०२)

माहेरवेल्हे, बरं झालं लिहिलंत. हे कुठल्याच व्हिडिओत नव्हतं. एक खुळा प्रश्न विचारते: इतका पाऊस पडून उन्हाळ्यात कोरडं कसं? गडावर तर म्हणे वर्षभर टाक्यांना पाणी असतं.

दगडमाणूस (मंगळवार, दुपारी १:१५)

प्रश्न अजिबात खुळा नाही, उलट याच प्रश्नाला सगळे बगल देतात.

सह्याद्री म्हणजे लाव्ह्याच्या थरांची रास, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. सगळे थर सारखे नाहीत. काही काळा, घट्ट कातळ. त्यात पाणी मुरत नाही, फक्त भेगांतून उतरतं. काही थर भुसभुशीत, बुडबुड्यांची भोकं असलेले. त्या भोकांत पांढऱ्या गारगोट्या दिसतात. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबडा मातकट पट्टा असतो. घाटरस्त्याच्या कापलेल्या भिंतीत बघा, वितीएवढी लाल रेघ आडवी गेलेली दिसेल. भेगांतून उतरणारं पाणी त्या पट्ट्यावर अडतं आणि उताराला बाहेर फुटतं. तोच झरा. जुन्या वाड्या कुठे वसल्यात ते नीट पाहिलं तर बऱ्याचशा अशा झऱ्यांच्या आसपास असतात. जागा कोणी उगाच नाही निवडली.

गोम अशी की डोंगर उभा आहे आणि वरची माती पातळ. पुण्यात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस, घाटमाथ्यावर त्याच्या कितीतरी पट, पण तो सगळा चार महिन्यांत कोसळतो आणि वाहून जातो. मुरायला सवडच मिळत नाही. वर झाडी असेल तर थोडं थांबतं, उतार बोडका असेल तर तेवढंही नाही. मग झरा मार्चमध्ये करंगळीएवढा होतो आणि मेमध्ये ओला डाग उरतो.

गडावरची टाकी घट्ट कातळात कोरलेली. तळ गळत नाही. शिवाय वर प्यायला पाच-पन्नास माणसं. खाली अख्खी वाडी, गुरं आणि आता फार्महाऊसचे बोअर.

मास्तर_कोथरूड (मंगळवार, दुपारी ३:४०)

वा! भूगोलाच्या तासाला हे सांगितलं असतं तर आमची पोरं जागी राहिली असती.

थोडी भर. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. पुण्यात १३ मेच्या आसपास दुपारी सावली पायाखाली नाहीशी होते, तो प्रयोग शाळांत करतात. दुसऱ्यांदा जुलैअखेरीस. तेव्हा वेल्ह्यात सूर्य कोणी पाहिला असेल तर त्यानं इथे लिहावं, माझ्यातर्फे मिसळ.

सातबारा_पाहिजे (मंगळवार, सायंकाळी ६:५५)

धागा वाचतोय. त्या भागात डोंगरउतारावर दहा-पंधरा गुंठे घेऊन छोटं घर बांधायचा विचार आहे. व्ह्यू चांगला पाहिजे. कोणाला अनुभव?

गिरीप्रेमीनव्हे (मंगळवार, सायंकाळी ७:०१)

आलेच!

पाबेपलीकडचा (मंगळवार, रात्री १०:२०)

राग मानू नका साहेब, पण तुम्ही शेतकरी आहात का? १९४८ च्या कूळ कायद्यात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, बाकीच्यांना परवानगीशिवाय नाही. एजंट म्हणेल "सगळं होतं, मी बघतो". तो बघेल, नंतर तलाठ्याकडं तुम्हालाच बघायला लागेल. सातबारावर सात-आठ वारसांची नावं असतात, निम्मे मुंबईला, एखादी बहीण सह्या करायला राहिलेली असते. आमच्या भावकीतच असं एक प्रकरण चालू आहे, त्यात गावकी, नाती, दिवाळीचा फराळ सगळं गेलं.

व्ह्यूचं म्हणाल तर ज्या वरकस, म्हणजे उतारावरच्या हलक्या जमिनीवर तुम्ही घर म्हणताय तिथं पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरई, मग कारळा आणि पुढं काही वर्षं पड, असं फिरतं पीक होतं. आता माणूसबळ नाही, म्हणून पडीक दिसते. पडीक म्हणजे बेवारस नव्हे.

दगडमाणूस (मंगळवार, रात्री १०:४४)

कायद्याचं सोडा, उताराचं बोला. घरासाठी सपाट जागा करायची म्हणजे जेसीबीनं डोंगराचा पाय कापायचा. वरची माती जड होईपर्यंत काही होत नाही. मग एका पावसाळ्यात तीन-चार दिवस झड लागते.

माळीण याच जिल्ह्यातलं, आंबेगाव तालुक्यातलं. ३० जुलै २०१४ ची सकाळ. दरड कोसळून दीडशेच्या वर माणसं गेली. गाव काही कड्यावर लटकलेलं नव्हतं, साधं डोंगराच्या कुशीतलं गाव होतं. तुमच्या प्लॉटवर असं होईलच असं मी म्हणत नाही. पण उतार कापलेला असेल, ओढ्याचा मार्ग वळवलेला असेल, झाडांचे बुंधे किंवा खांब वाकलेले दिसत असतील, जमिनीला आडव्या भेगा असतील तर सही करू नका. आणि तुम्ही कापलेला उतार तुमच्या घरावर नाही, खालच्या वाडीवर येतो.

सातबारा_पाहिजे (मंगळवार, रात्री ११:१०)

तुम्ही मंडळी फारच नकारात्मक आहात बुवा. गावात पैसा आला तर वाईट काय? जमीन विकणारा खुशीनं विकतोय.

माहेरवेल्हे (बुधवार, सकाळी ६:५०)

खुशीनं विकतोय हे खरं आहे. माझ्या चुलत्यांनी विकली, त्यात मुलीचं लग्न आणि मुलाची रिक्षा झाली. त्यांना नावं ठेवायचा हक्क मला नाही, मी स्वतः वारज्यात फ्लॅटमध्ये बसून लिहितेय. पण विकलेल्या तुकड्यातून झऱ्याची वाट जात होती. आता तिथं गेट आहे. कुलूप लावून मालक पुण्यात, आणि बायका लांबून वळसा घालून हंडे आणतात. तुम्ही घेतलीत तर एवढं करा, वाट मोकळी ठेवा. कागदावर लिहून द्या.

सातबारा_पाहिजे (बुधवार, सकाळी ९:३०)

हे मान्य. लक्षात ठेवीन.

खवय्या_शनिवारपेठ (बुधवार, दुपारी १२:४५)

एवढी गंभीर चर्चा झाली, आता मुद्द्याचं. जेवण काय?

पाबेपलीकडचा (बुधवार, दुपारी १:३०)

हॉटेलात पनीर मिळेल, ते खायला पाबे घाट चढायची गरज नाही. वेल्ह्यात आणि गुंजवण्यात घरगुती जेवण देणारी घरं आहेत. दोन दिवस आधी सांगावं लागतं, कारण माणसं मोजून भाकरी थापतात. तांदळाची नाहीतर नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा, कांदा, नवीन तांदळाचा भात. कोंबडी पाहिजे असेल तर तेही आधी सांगा. "गावठी आहे ना?" असं तीनदा विचारू नका, वाईट दिसतं.

नोव्हेंबरात रानभाज्या नसतात. कुरडू, भारंगी, कवळा पहिल्या पावसातल्या. करवंदं, जांभळं उन्हाळ्याची. खेकडे पावसाळ्याच्या सुरुवातीला.

खवय्या_शनिवारपेठ (बुधवार, दुपारी १:४२)

आणि आंबेमोहोर? पेठेत "वेल्ह्याचा अस्सल" म्हणून जो मिळतो त्याला वास कमी आणि भाव जास्त.

पाबेपलीकडचा (बुधवार, दुपारी २:१५)

आंबेमोहोर आता थोडेच करतात. उतारा कमी, उंच वाढतो आणि वाऱ्यानं लोळतो. बहुतेकांनी इंद्रायणी धरलाय, त्यालाही वास चांगला असतो. दारात घेतलात तर तुम्हाला स्वस्त आणि आम्हाला पेठेपेक्षा दोन पैसे जास्त. नवा तांदूळ आसट होतो, पाणी कमी घाला. गिरणीतून चकचकीत पॉलिश केलेला मागू नका.

भटकेश्वर (बुधवार, रात्री ९:१०)

सहमत. माझी एक दुरुस्ती-वजा-सूचना: वर मढे घाट सुचवला होता, तो दिवाळीनंतरच करा. पावसाळ्यात धबधब्यांवर प्रशासन बंदी आदेश काढतं, पोलीस परत पाठवतात. आणि कुठल्याही गडाच्या पायथ्याला आग्या मोहोळ दिसलं तर खाली शेकोटी नको, अत्तर नको.

सिंहगडरोडकर (गुरुवार, सकाळी १०:२५)

सर्वांचे आभार. काल संध्याकाळी कट्ट्यावर हा धागा मोठ्यानं वाचला. आमचे हे पाण्याच्या पोस्टवर गप्प झाले, हे क्वचित होतं.

ठरलं ते असं. दिवाळीनंतरचा आठवडा, आणि शनिवार-रविवार टाळून मंगळवार. सकाळी पाबे घाटातून, माथ्यावर थांबून वेल्ह्यात. मग केळदच्या बाजूला जमेल तितकं जाऊन परत, एका घरी जेवण, दुपारी नसरापूरमार्गे घरी. पाण्याचे कॅन इथून भरून. प्रत्येकी पाच किलो तांदूळ, बसच्या टपावर जागा आहे.

आता एकच अडचण उरली, ती स्पष्टच विचारते. आमच्यात मधुमेहाचे आणि प्रोस्टेटचे मिळून अर्धी बस आहे. वाटेत स्वच्छतागृहाचं काय?

पाबेपलीकडचा (गुरुवार, सकाळी ११:०८)

खानापूर सोडायच्या आधी सगळ्यांनी उरकून घ्या, घाटात काही नाही. वेल्ह्यात एसटी स्टँडपाशी आहे, पण बायकांसाठी त्याच्या भरवशावर राहू नका. जेवायला ज्या घरी जाल त्यांना आधी सांगा, बहुतेक घरांत संडास आहे, फक्त पाणी बादलीनं जपून वापरा. केळदच्या रस्त्याला मात्र काही सोय नाही, ते जेवणाच्या आधी करायचं का नंतर ते तुम्ही ठरवा.

माहेरवेल्हे (गुरुवार, सकाळी ११:३०)

नंतर करा. जेवण आईकडं सांगू का? मंगळवारी ती घरीच असते. किती माणसं ते कळवा, मी फोन लावते.

सिंहगडरोडकर (गुरुवार, सकाळी ११:३४)

अठरा. दोघांना तिखट चालत नाही, एकाला चालत नाही पण तो खातो.